तोंड नसलेला ठिपका

"आधी माझं नाक बघ," असं म्हणत बाईंनी मुलीला स्वतःच्या स्टुलावर बसवलं आणि आपण खुर्चीत बसून दिव्याच्या गोल भिंगाखाली स्वतःचा चेहरा सरकवला.

मुलगी गोंधळली. ती आली होती स्वतःचं नाक दाखवायला. सतरा वर्षांची, खांदे पुढे काढून चालणारी, तोंडावर रुमाल धरलेली. थोड्या वेळापूर्वी माझ्यासमोर तिने तो रुमाल खाली घेतला तेव्हा मीसुद्धा जरा हबकले होते. नाक आणि दोन्ही गाल सोलून काढल्यासारखे लाल झाले होते आणि त्या लालीत काळे ठिपके मात्र होते तसेच होते. बरोबर आलेली आई तावातावाने सांगत होती की ही तोंड नीट धूत नाही, सांगून सांगून जीभ झिजली. मुलगी खाली मान घालून ऐकत होती. मग बाईंनी आईला बाहेरच्या बाकावर बसवलं आणि मुलीला आत नेऊन हलक्या आवाजात दोन प्रश्न विचारले. तेव्हा कळलं की ती दिवसातून नऊ वेळा तोंड धुते आणि गेले दोन महिने भांड्यांच्या हिरव्या घासणीने घासते.

माझं टेबल आणि बाईंची खोली यांच्यामध्ये नुसता एक पडदा आहे. त्यामुळे पलीकडचं सगळं मला ऐकू येतं. कान देऊ नये असं हा दवाखाना चालवायला घेतला तेव्हा ठरवलं होतं, पण ते महिनाभरही टिकलं नाही.

"काय दिसतं?" बाईंनी विचारलं.

"खड्डे," मुलगी म्हणाली. मग जरा वेळाने, "खूप आहेत. आणि सगळ्यांत काहीतरी भरलंय."

"खड्डे नाहीत ते, तोंडं आहेत. प्रत्येक तोंडाखाली एक बारीक नळी आणि नळीला तेलाची पिशवी. ते तेल सारखं वर येत असतं, आपण झोपलो तरी त्याचं काम चालूच. म्हणून तर कातडी मऊ राहते. आता नळीची आतली बाजूही कातडीच आहे, ती पण झडते. झडलेली कातडी तेलात अडकली की बूच बसतं. तोंड उघडं असेल तर बुचाचं टोक हवेने काळं पडतं. थोडा आपल्या कातडीचा रंगही असतो त्यात. तोंड बंद असेल तर पांढरा दाणा. संपलं, एवढंच आहे ते."

"म्हणजे हा मळ नाही?"

"मळ असता तर नऊ वेळा धुतल्यावर राहिला असता का गं?"

मुलगी रडायला लागली. बाईंनी तिला रडू दिलं. मग नेहमीचं पुढचं वाक्य आलं, जे मी इतक्यांदा ऐकलं होतं की झोपेतही म्हणून दाखवलं असतं. "आणि हा डावीकडचा बघ, नाकपुडीच्या वरचा, सगळ्यांत मोठा. हा माझा जुना सोबती. कितीदा काढला तरी पुन्हा येऊन बसतो. मी काही त्याच्यापायी तोंड लपवत नाही. तूही लपवायचं नाही."

बाईंची ही पद्धत त्यांची त्यांनीच काढलेली. दुसऱ्याच्या चेहऱ्याला हात लावण्याआधी आपला चेहरा त्याच्यापुढे ठेवायचा. माझ्या आधीच्या डॉक्टरांनी हा दवाखाना मला दिला तेव्हा ते म्हणाले होते की, खुर्ची जुनी आहे, दिवा बरा आहे, पण बाईंना सांभाळा. मला वाटलं, म्हातारा भावुक झालाय. त्वचारोगांतली माझी पदवी तेव्हा नवी कोरी होती आणि वर्गातला माझा नंबर मी अजून विसरले नव्हते.

पहिल्याच आठवड्यात नांगी टाकली. बँकेतला एक तरुण कारकून आला होता, नाकावर चार-पाच ठसठशीत ब्लॅकहेड्स. म्हटलं, हे काय एवढं, आपणच काढू. टोकाला कडी असलेली स्टीलची दांडी घेतली आणि दाबलं. एक निघालं, दुसरं हटून बसलं. मीही हट्टाला पेटले. सहाव्यांदा दाबल्यावर निघालं ते रक्त. कारकून निळं नाक घेऊन बँकेत गेला. बाई त्याच्यासमोर अक्षर बोलल्या नाहीत. तो गेल्यावर कडी उकळत्या पाण्यात टाकताना म्हणाल्या, "डॉक्टर, तीनदा. चौथ्यांदा हात लावायचा नाही."

"कोणी ठरवलं असं?"

"कातडीने."

मग त्यांनी मला शिकवलं. मी शिकले असं आता बिनदिक्कत सांगते, तेव्हा मात्र चार दिवस फुगून बसले होते. आधी पाच मिनिटं कोमट पाण्याचा कपडा, वाफेने भाजून काढायचं नाही. मग सुईच्या टोकाने तोंड नुसतं मोकळं करायचं. कडी सरळ टेकवायची, ओढायची नाही. तीनदा दाबून नाही आलं, तर त्याची वेळ झालेली नाही. रात्री वाटाण्याएवढं मलम सगळ्या तोंडाला लावायला सांगायचं आणि महिन्याने बघायचं. आणि नाकाच्या शेंड्यावरचे ते बारीक, राखाडी, सगळ्यांनाच असणारे ठिपके, त्यांना हातही लावायचा नाही. ते बूच नव्हे, तेल वर यायची ती नेहमीची वाट. आज काढलं तर महिनाभरात पुन्हा भरतं. ते काढाच म्हणून एक गायिका हटून बसली होती. बाईंनी तिला आपल्या नाकाचा शेंडा दाखवला, मग माझा दाखवला. माझी परवानगी न विचारता. गायिका समाधानाने घरी गेली.

रुग्ण त्यांना भिंगवाल्या बाई म्हणत. नाव कोणी विचारत नसे आणि त्या सांगत नसत. या दवाखान्यात येण्याआधी अकरा वर्षं त्या मोठ्या हॉस्पिटलात भाजलेल्यांच्या वॉर्डात नर्स होत्या. एकदा दुपारी दवाखाना रिकामा असताना मी विचारलं की तुम्हाला या ठिपक्यांचा कंटाळा नाही का येत? त्या म्हणाल्या, "कातडी गेलेली माणसं बघितलीत मी. पाणी राहत नाही अंगात, ऊब राहत नाही. पांघरूण घातलं तरी थंडी वाजते त्यांना. बरं होता होता एखाद्याच्या हातावर नवी कातडी आली आणि त्यातून घामाचा एक थेंब आला, तर आम्ही सगळ्या जणी बघायला जायचो." मग त्यांनी मला खुर्चीत बसवून, हातात आरसा देऊन, भिंगाखाली माझंच कपाळ दाखवलं. पंधरा मिनिटं. मी ते शेकडो वेळा पाहिलं होतं, परीक्षेत त्याच्या आकृत्या काढून पैकीच्या पैकी गुण घेतले होते. पण गुपचूप बसून पाहिलं नव्हतं. प्रत्येक तोंडातून एक केस, दिसेल न दिसेल इतका. केसाच्या बुडाशी तेलाचा ओलसर ठिपका. मी भुवया उचलल्या की ती सगळी तोंडं एकदम तिरकी व्हायची. हे सगळं माझ्या अंगावर जन्मापासून चालू आहे आणि मला त्याचा पत्ताच नाही, असं वाटून खरोखर अंगावर काटा आला. तो काटाही भिंगातून दिसला.

घासणीवाली मुलगी दर तीन आठवड्यांनी येऊ लागली. पहिल्या वेळी बाईंनी तिच्या नाकाला कडी लावलीच नाही. सोललेल्या कातडीवर काही करायचं नाही, आधी ती शांत होऊ दे म्हणाल्या. घासणी बंद, लिंबू बंद, टूथपेस्ट बंद. दोनदा साध्या साबणाने हलक्या हाताने तोंड धुवायचं, बस्स. मलम त्यानंतर. आईला मी वेगळं बसवून समजावलं आणि ती बिचारी खजील झाली. लाली ओसरायला सहा आठवडे लागले, ठिपके कमी व्हायला त्याहून जास्त. पण मुलीचे खांदे दुसऱ्याच खेपेला मागे गेले होते. ती भिंगाच्या प्रेमात पडली होती. आल्या आल्या म्हणायची, मावशी, आधी तुमचं नाक. आणि बाई हसत खुर्चीत बसायच्या.

चौथ्या खेपेला पडद्यापलीकडे नेहमीसारखं हसणं-खिदळणं चाललं होतं. मग मुलगी गप्प झाली. मी लिहीत होते ते थांबवलं.

"मावशी, तुमच्या सोबत्याला तोंड नाहीये."

"असं कसं? नीट बघ."

"नीटच बघतेय. बाकी सगळ्यांना कड आहे आणि मध्ये बूच आहे. याला कडच नाही. नुसता काळा आहे, कातडीच्या आतून. आणि त्याच्यावरून एक लाल दोरा गेलाय, फांदीसारखा. मागच्या वेळी पण होता, मला वाटलं मलाच नीट कळत नसेल."

बाई हसल्या, पण ते हसणं अर्ध्यातच थांबलं. मी पडदा सारून आत गेले. मुलगी स्टुलावरून उठून उभी राहिली, काहीतरी चुकल्यासारखी. मी तिच्या जागी बसले आणि बघितलं.

दोन वर्षं आरशात स्वतःच्या नाकाचे हाल बघून बघून त्या पोरीची नजर तयार झाली होती. ती बरोबर होती. ठिपक्याला तोंड नव्हतं. काळ्याच्या कडेने मोत्यासारखी मंद चमक होती आणि वरून बारीक रक्तवाहिन्या फांद्या फुटल्यासारख्या गेल्या होत्या. पुस्तकातलं चित्र काढून तिथे चिकटवावं इतकं स्पष्ट. चार वर्षं रोज सकाळी मी या चेहऱ्याला नमस्कार करत होते, त्याच्यासमोर चहा पीत होते. भिंग डोक्यावर टांगलेलं होतं आणि मी एकदाही त्याखाली हे नाक पाहिलं नव्हतं. मी डॉक्टर होते, मला नाक दाखवायची पद्धत नव्हती.

"रक्त येतं का कधी यातून?" मी विचारलं.

"दाबल्यावर येतं," बाई म्हणाल्या. "दाबल्यावर येणारच की."

"किती वेळा दाबता?"

त्यांचा हात नाकाकडे गेला. मग म्हणाल्या, "घरी आरशात बघून. मोजत नाही."

जी माणसं आयुष्यभर भिंगाच्या वरच्या बाजूला बसतात, त्यांचं स्वतःचं नाक भिंगाखाली त्यांना कधी दिसत नाही. जगाला तीनदाचा नियम लावणाऱ्या बाई अडीच वर्षं आपल्या नाकावरचा तो ठिपका चाचपून, दाबून, रक्त पुसून, पुन्हा दाबत होत्या. आणि रोज पाच-सहा लोकांना कौतुकाने दाखवत होत्या.

मी बारीकसा तुकडा काढून तपासायला पाठवला. नवव्या दिवशी उत्तर आलं. कॅन्सर होता, पण त्यातल्या त्यात बऱ्यापैकी सज्जन, जागच्या जागी हळूहळू पसरणारा. पूर्ण कापून काढला की बहुधा पुन्हा त्रास देत नाही. हे सगळं मी बाईंना दोनदा सांगितलं. मोठ्या हॉस्पिटलातले सर्जन माझ्या ओळखीचे होते, त्यांनी बारा दिवसांनंतरच्या गुरुवारची वेळ दिली. नाकाचा डावीकडचा करंगळीच्या नखाएवढा भाग जाणार होता आणि तिथे कानामागची कातडी लावणार होते. बाईंनी सगळं ऐकून घेतलं. नाकावर पट्टी होती, त्यामुळे आवाज जरा बसका येत होता.

"माझं होईल ते होईल," त्या म्हणाल्या. "पण डॉक्टर, तीनदा दाबून आलं नाही म्हणून मी किती जणांना परत पाठवलं असेल? याची वेळ झाली नाही म्हणून? त्यांतला एखादा असा असला तर?"

मी म्हटलं की त्या सगळ्यांना आधी डॉक्टरांनी पाहिलेलं असतं, मी किंवा माझ्या आधीच्यांनी.

"माझ्यावर सोडलेलं असतं," बाई म्हणाल्या. "तुम्ही पण सोडता. ते नाकारू नका."

खरंच होतं ते.

त्यांनी कडी उकळून, पुसून सुयांच्या पाकिटांबरोबर डब्यात ठेवली आणि डबा माझ्या टेबलावर आणून ठेवला. म्हणाल्या की त्यांतल्या कोणाला असं आहे का, हे कळल्याशिवाय मी आता कोणाच्या चेहऱ्याला हात लावणार नाही. त्या अशा बोलल्या की विनंती करायचीही सोय उरली नाही. अडतीस वर्षं माणसांच्या कातडीवर चाललेला तो हात आता स्वतःवरच विश्वास ठेवायला तयार नव्हता आणि मला त्यावर कुठलंही औषध माहीत नव्हतं.

मग त्यांनी आठवायला सुरुवात केली. मी जुनी रजिस्टरं काढली, पण रजिस्टरांत नावं होती आणि बाईंना नावं माहीत नव्हती. त्या डोळे मिटून बसायच्या आणि चेहरे सांगायच्या. उजव्या नाकपुडीच्या खोबणीत एकच, कडेला जुना टाक्याचा व्रण, शिवणकाम करणारी, बोलताना डावीकडे बघते. कानाच्या पाळीच्या मागे दोन शेजारी शेजारी, पोस्टमन, घाम फार. कपाळावर केसांच्या रेषेत, डोक्याला तेल चोपडायचे ते मास्तर. कुठल्या वर्षी आले ते नाही सांगता यायचं, पण त्या दिवशी किती दाबले, किती निघाले आणि कोणता राहिला, ते बिनचूक. मी त्यावरून नोंदी शोधायची आणि त्या तंतोतंत जुळायच्या. हजारो चेहरे या बाईच्या आत ठिपक्या-ठिपक्यांनी जपून ठेवलेले होते. मी तोंडात बोट घालून बसले होते, दुसरं काय करणार.

सहा जण निघाले, ज्यांचा ठिपका पुनःपुन्हा येऊनही हटला नव्हता. फोन करून आम्ही सगळ्यांना बोलावलं. पाच जण आठवड्याभरात आले. पोस्टमन आता निवृत्त झाला होता, शिवणकामवालीला चष्मा लागला होता. मी एकेकाला भिंगाखाली घेत होते आणि बाई पडद्याशी उभ्या राहून माझ्या चेहऱ्याकडे बघत होत्या. पाचही जणांचे ब्लॅकहेड्स साधे सरळ होते, तोंड असलेले. प्रत्येक वेळी मी मान हलवून तसं सांगायची आणि बाई फक्त पुढचा कधी येणार एवढं विचारायच्या.

सहावा होता सार्वजनिक बागेतला म्हातारा माळी. त्याचा फोन बंद होता. शेवटचा आला होता त्याला सहा वर्षं झाली होती. त्यानंतर त्याच्या गुडघ्यांनी जिन्यांशी कायमची कट्टी घेतली आणि आमचा दवाखाना दुसऱ्या मजल्यावर. बाईंना तो सगळ्यांत जास्त टोचत होता. उजव्या डोळ्याच्या कडेला, गालाच्या हाडावर, मोहरीएवढा. उन्हात काम करणारा माणूस. उन्हात काम करणाऱ्यांना हे जास्त होतं, हे मीच बाईंना सांगितलं होतं आणि सांगितल्यावर जीभ चावली होती.

ऑपरेशनच्या दोन दिवस आधी दुपारी चारला बाई दवाखान्यात आल्या, हातात पत्ता. बागेच्या फाटकावरून विचारत विचारत त्यांनी तो मिळवला होता. म्हणाल्या, चला. मी बाहेर बसलेल्या तीन रुग्णांची माफी मागितली आणि हातातलं भिंग, तपासणीचा दिवा घेतला. टेबलावरचा डबाही पिशवीत टाकला. का टाकला ते मला तेव्हा सांगता आलं नसतं.

गल्लीच्या टोकाला दोन खोल्यांचं घर होतं. पायऱ्यांवर जुन्या डब्यांत रोपं लावलेली. सुनेने दार उघडलं आणि डॉक्टर घरी आलेली बघून घाबरली. माळी आत खाटेवर बसला होता. ऐंशीच्या पुढचा, हाडं मोठी, मांस आटलेलं. बाईंना त्याने लगेच ओळखलं.

"ताई, नाकाला काय झालं?"

"कॅन्सर आहे बाबा. परवा काढणार आहेत."

"बरं," तो म्हणाला. थोडा वेळ विचार करून त्याने विचारलं, "मग माझ्याकडे कशाला आलात?"

"तुमचाही तसाच आहे का बघायला. मी तेव्हा सोडून दिला होता."

सुनेने दारात खुर्ची ठेवली, उजेड चांगला होता. बाईंनी त्याची हनुवटी धरून चेहरा उन्हाकडे वळवला आणि मग स्वतः न बघता बाजूला झाल्या. भिंग माझ्या हातात दिलं.

साठ वर्षं उन्हात शिजलेली कातडी मी इतक्या जवळून कधी पाहिली नव्हती. जाड, पिवळसर, आडव्या-उभ्या खोल चरांची. डोळ्यांच्या दोन्ही कडांना काळ्या ठिपक्यांची दाटी होती. हे असं उन्हानेच होतं, नळ्यांची तोंडं सैल पडतात आणि रुंदावतात. त्या गर्दीत तो एक मोहरीएवढा. मी आधी भिंगातून बघितलं, मग दिवा टेकवून बघितलं, मग त्याला तोंड वळवायला सांगून पुन्हा बघितलं. मागे बाईंचा श्वास ऐकू येत होता.

"तोंड आहे," मी म्हटलं.

"कड?"

"पूर्ण गोल."

"लाल दोरा?"

"नाही. चमक नाही, काही नाही. ब्लॅकहेड आहे बाई, नुसता म्हातारा ब्लॅकहेड."

त्यांनी भिंग माझ्याकडून घेतलं आणि स्वतः वाकून बघितलं. किती वेळ कोण जाणे. मग त्या पायरीवर खाली बसल्या आणि रडल्या. आवाज न करता, नाकावरची पट्टी भिजू नये म्हणून मान वर करून. त्या दिवशी कळलं की नऊ-दहा दिवस ही बाई स्वतःच्या कॅन्सरसाठी एकदाही रडली नव्हती. माझेही डोळे भरून आले आणि मी ते लपवलं नाही. सून पाणी घेऊन आली. माळी खुर्चीत तसाच ताठ बसून होता, उन्हाकडे तोंड करून, हलू की नको अशा विचारात.

बाईंनी डोळे पुसले. सुनेला म्हणाल्या, "जरा कोमट पाणी देशील? आणि एक स्वच्छ कपडा."

मी पिशवीतला डबा काढून दिला. त्यांनी नळावर हात धुतले, कोपरापर्यंत, वॉर्डात धुतात तसे. पाच मिनिटं त्या म्हाताऱ्याच्या डोळ्याच्या कडेला ओला कपडा धरून उभ्या राहिल्या. मी सुईच्या पाकिटाची टोकं सोलून सुई पुढे केली. त्यांनी तोंडाची कड मोकळी केली आणि कडी टेकवली. हात थरथरतोय का ते बघायचा मला मोह झाला, मी बघितलं. थरथरत नव्हता.

पहिल्यांदा दाबलं तेव्हा काहीच झालं नाही. दुसऱ्यांदा दाबलं आणि ते काळं टोक किंचित वर आलं. मग त्याच्यामागून पिवळट, मग आणखी फिकट, शेवटी जवळजवळ पांढरं, असं ते सगळंच्या सगळं सावकाश बाहेर येत राहिलं. संपेल संपेल म्हणता संपेना. सून दाराला धरून उभी होती. बोटाच्या अर्ध्या पेराएवढा तो ऐवज बाईंनी पांढऱ्या कापसावर घेतला. मागे एक स्वच्छ, गोल, रिकामं तोंड राहिलं. रक्ताचा एक थेंबही नव्हता.

माळ्याने बोट नेऊन ती जागा चाचपली आणि कापसावरचं दाखवा म्हणाला. डोळ्यांजवळ नेऊन त्याने ते बराच वेळ न्याहाळलं.

"हे माझ्यात होतं?"

"तुमचंच आहे बाबा. तुमचं तेल, तुमची कातडी."

"किती वर्षांचं असेल?"

"तुमचे केस काळे होते तेव्हापासूनचं असेल."

त्याला ते फार आवडलं. सुनेलाही बोलावून त्याने दाखवलं. बाईंनी औषधाचा बोळा फिरवला, चार दिवस उन्हात बसायचं नाही, बसलात तर टोपी घालून, असं बजावलं. कडी धुतली, डबा बंद केला. डबा त्यांनी माझ्याकडे परत दिला नाही, स्वतःच्या पिशवीत ठेवला. आम्ही निघालो तेव्हा माळी म्हणाला, "ताई, इकडे या जरा."

बाई त्याच्या खुर्चीपुढे वाकल्या. बागेतल्या मातीने कायमच्या काळ्या पडलेल्या भेगांचा तो हात त्याने वर केला आणि त्यांची हनुवटी धरून चेहरा उन्हाकडे वळवला. पट्टीच्या कडेने दिसत होतं तेवढं नाक तो डोळे बारीक करून बघत राहिला.

"परवा ना?"

"हो."

त्याने मान डोलावली, पण हात काढला नाही. बाईंनी डोळे मिटले आणि चेहरा त्याच्या हातात तसाच राहू दिला.